भिन्न धातूंचा सांधा आणि त्याचे क्षरण

अलीकडे घरांच्या व वसतिगृहांच्या छपरांवर सौर पॅनेल सर्रास दिसू लागले आहेत. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची असते, तर अर्थिंगची तार बहुधा तांब्याची. ही उघडी तार चौकटीवर थेट आवळली, तर काही पावसाळ्यांनंतर तिच्याखालचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झडू लागते. तांबे मात्र जवळजवळ शाबूत राहते. यास गॅल्व्हानिक क्षरण म्हणतात.

धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी आपण शाळेत पाठ केली आणि बहुतेकांनी ती परीक्षेबरोबरच सोडून दिली. श्रेणीत वर असलेला धातू इलेक्ट्रॉन सहज देतो. दोन भिन्न धातू एकमेकांस टेकले आणि दोहोंवर क्षारयुक्त ओलाव्याचा एकच थर पसरला, की तेथे लहानसा विद्युतघट तयार होतो. इ.स. १८०० मध्ये व्होल्टाने जस्त व चांदीच्या चकत्यांमध्ये खाऱ्या पाण्याने भिजलेले थर ठेवून जो घट रचला, त्याचेच हे नको असलेले रूप होय.

१७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. पुढे तपासणीत आढळले की लोखंडी खिळे खाऊन गेले होते. परंतु जेथे पत्र्याखालचा कागद खिळा आणि तांबे यांच्यामध्ये टिकून राहिला होता, तेथील खिळे चांगले होते. कागदाने धातूंचा स्पर्शच तोडला होता.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांत हा उपाय नेहमी चालत नाही, कारण अर्थिंगच्या सांध्यातून वीज वाहिलीच पाहिजे. म्हणून तेथे धातूंमधील अंतर कमी करावे लागते. तांब्याच्या लगला कथलाचा मुलामा देतात. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करीत, तोच हा धातू. हेतू मात्र निराळा. खाऱ्या, दमट हवेत दोन धातूंच्या विभवांतील फरक ०.१५ व्होल्टपेक्षा अधिक नसावा, तर सामान्य बंदिस्त जागेत ०.२५ पर्यंत चालतो, असा अभियंत्यांचा ढोबळ संकेत आहे. याच कारणाने सोन्याचा मुलामा असलेली पिन कथलाच्या सॉकेटमध्ये बसवू नये.

क्षेत्रफळाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ॲल्युमिनियमच्या मोठ्या चौकटीत स्टेनलेस स्टीलचा छोटा स्क्रू बहुधा निभावून जातो. उलट स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचा छोटा रिव्हेट लवकर नष्ट होतो, कारण सारा प्रवाह त्या इवल्याशा पृष्ठभागावर एकवटतो. रंग देतानाही हेच ध्यानी घ्यावे. केवळ क्षरण पावणाऱ्या धातूला रंग दिला आणि त्यावर एक ओरखडा उमटला, तर तेवढ्याच जागी खोल छिद्र पडते. शक्य तर दोन्ही धातू रंगवावेत. एकच रंगवायचा झाला तर तांबे किंवा स्टेनलेस रंगवावे.

छपरावरील सांध्यासाठी मुलामा दिलेला लग व स्टेनलेसचे वॉशर वापरून, तो आवळल्यावर वरून ग्रीस किंवा सीलंट लावावे, म्हणजे ओल आत शिरत नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा तेथे पांढरी भुकटी दिसते का ते पाहावे. दिसल्यास प्रथम वीज बंद करून, जाणत्या तंत्रज्ञाकडून सांधा उघडून स्वच्छ करून घ्यावा आणि लग बदलावा.