पिवळं दिसलं की युरिया?

पुण्यात घरापुढच्या जेमतेम तीनशे चौरस फुटांत लॉन लावलं, तेव्हा वाटलं, गवतच ते, त्याला काय होतंय! जुलैत पावसानं उघडीप दिली आणि मधोमध ताटलीएवढा पिवळा डाग दिसला. गवत उपाशी असेल म्हणून मी त्यावर युरिया फेकला, वर रोज संध्याकाळी पाणी. आठवड्यात ताटलीची परात झाली, शेजारी आणखी तीन डाग उमटले. मग हुमणी समजून कीटकनाशक ओतलं. ते पैसे वाया गेले.

शेवटी शेजारचे काका म्हणाले, "उद्या सहाला या, दव असताना बघू." कृषी खात्यात उभी हयात गेलेला माणूस. सकाळी डागाच्या कडेशी उकिडवे बसलो, तर पात्यांवर कोळिष्टकासारखे पांढरे तंतू! ऊन चढलं की ते विरतात, म्हणून मला कधी दिसलेच नव्हते. काकांनी झुपका ओढला. पाती बुडाशी कुजून हातात आली, मुळं जमिनीतच राहिली. "हुमणीनं मुळं खाल्ली असती तर गवत सतरंजीसारखं उचललं गेलं असतं, खाली पांढऱ्या अळ्या दिसल्या असत्या. ही बुरशी आहे. आणि तिला जेवण तुम्हीच वाढलंत."

नत्र जास्त झालं की पाती लुसलुशीत होतात. त्यात ती रात्रभर ओली राहिली की रायझोक्टोनियासारख्या बुरशीचं फावतं. गंमत अशी, की रुपयाएवढे फिकट ठिपके पाडणारा 'डॉलर स्पॉट' नेमका नत्र कमी पडलेल्या गवतावर जोर धरतो. तिथे थोडा युरिया औषध ठरतो, इथे तो विष ठरला. फवारणीचंही तेच. कार्बेन्डाझिम रायझोक्टोनियावर चालतं, पण कापसासारखी बुरशी आणणाऱ्या पिथियमवर त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून डाग दिसला की आधी खत थांबवा. ओळख पटत नसेल तर अर्धं हिरवं, अर्धं रोगट गवत मुळांसकट डागाच्या कडेवरून काढा, कागदात गुंडाळा आणि कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. मधलं मेलेलं गवत नेऊन उपयोग नाही. पाणी पहाटे द्या. ओलं गवत कापू नका, रोग मशीनबरोबर हिंडतो. पातं धारदार ठेवा आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. पाणी साचतं तिथे काट्यानं भोकं पाडून वाळू भरा. औषध लागलंच, तर लेबलवर लिहिलं असेल त्याच मात्रेत, आणि पोरं, कुत्री-मांजरं लांब ठेवून.

दिवाळीपर्यंत कडेच्या फुटव्यांनी तीन डाग भरून काढले. चौथ्याला अजून टक्कल आहे. युरिया मी तिथेच फेकला होता.