फोन आपला, किल्ली कुणाची?

दाराला कुलूप असते, तसे मोबाईल फोनलाही असते. एक कुलूप आपल्या ओळखीचे आहे. फोन उघडायचा म्हणजे आपण चार आकडे दाबतो, नाहीतर बोट टेकवतो. हे कुलूप आपण लावतो. किल्लीही आपल्यापाशीच असते.

पण काही फोनांच्या पोटात आणखी एक कुलूप असते. ते दिसत नाही. ते कंपनीने लावलेले असते आणि किल्ली कंपनीच्या खिशात असते. ह्या धड्यात आपण त्या दुसऱ्या कुलपाची माहिती घेऊ.

नाशिकला अंबडची औद्योगिक वसाहत आहे. तिथे गावोगावचे लोक कामाला येतात. समजा, त्यांतला एक भाऊ पगार झाल्यावर जुना फोन घ्यायला गेला. फोन दिसायला छान, भावही स्वस्त. त्याने पैसे मोजले. खोलीवर येऊन आपले सिम घातले, तर फोन म्हणतो, हे सिम चालायचे नाही! फोन बिघडलेला नव्हता. सिमही चांगले होते. मग अडले कुठे?

कुलूप कसे चालते?

सिम म्हणजे नखाएवढी चकती. तिच्यात एक मोठा आकडा साठवलेला असतो. हा आपला फोन नंबर नव्हे, तो वेगळा. ह्या आकड्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ असतात. पुढचे अंक कंपनी कोणती ते सांगतात.

सिम घातले की फोन हा आकडा वाचतो. कुलूप लावलेल्या फोनात आधीच लिहून ठेवलेले असते, की अमुक कंपनीचेच सिम घ्यावे. आकडा जुळला तर फोन चालू होतो. जुळला नाही तर फोन सिमला दारातच अडवतो.

कंपनी कुलूप का लावते?

कंपनी फोन स्वस्तात देते. सोडलेले पैसे ती पुढे महिन्यामहिन्याच्या आकारातून वसूल करते. गिऱ्हाईक दुसरीकडे गेले, तर वसुली बुडते. म्हणून कुलूप.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. २००३ साली रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये भरून फोन नेण्याची योजना काढली. बाकीचे पैसे हप्त्याने द्यायचे. त्या फोनांत सिम नसायचेच. नंबर फोनातच लिहिलेला असे. कंपनी सोडली की फोनही निकामी.

पुढे २०१७ साली रिलायन्स जिओने जिओफोन आणला. १,५०० रुपये अनामत ठेवून तो मिळे. तो जिओच्याच सिमवर चालणारा होता. २०२३ साली ९९९ रुपयांचा जिओभारत फोन आला, तोही तसाच. ज्यांना महाग फोन परवडत नव्हता, अशा पुष्कळांच्या हाती ह्यामुळे फोन आला. हा फायदा खराच. पण घेताना अट ठाऊक असावी.

नंबर सुटतो, फोन अडकतो

२० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशात आपल्याला एक हक्क मिळाला आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. बँक, गॅस, मुलांची शाळा, सगळीकडे आपला नंबर दिलेला असतो. तो बदलावा लागत नाही, ही मोठीच सोय. १९०० ह्या क्रमांकावर संदेश पाठवला की एक खुणेचा आकडा येतो. तो नव्या कंपनीकडे द्यायचा. मात्र आधीच्या कंपनीकडे नव्वद दिवस झालेले असावेत आणि बिल थकलेले नसावे.

पण फोनलाच कुलूप असेल तर? गावी दुसऱ्याच कंपनीची रेंज येते, म्हणून आपण कंपनी बदलली. नंबर आपल्याबरोबर आला, फोन मात्र मागे राहिला. मग पुन्हा नव्या फोनचा खर्च. म्हणजे कागदावरचा हक्क हातात येता येता राहिला!

काही देशांनी ह्यावर कायदेशीर उपाय केला आहे. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये १७ डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांनी असे कुलूपबंद फोन विकायचे नाहीत, असा नियम आहे. बाहेरदेशाहून आलेला जुना फोन इकडे विकायला आला, तर त्यालाही तिकडच्या कंपनीचे कुलूप असू शकते.

घेण्याआधी काय पाहाल?

पहिली गोष्ट. आपले सिम दुकानातच घालून पाहा. शक्य तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे घाला. एक फोन लावून बोला. मगच पैसे द्या.

दुसरी गोष्ट. तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट अशी बटणे दाबा: *#०६#. फोनचा पंधरा आकडी क्रमांक दिसेल. सरकारच्या संचार साथी ह्या सेवेवर तो क्रमांक तपासता येतो. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तिथे कळतो. हे बंधन कंपनीच्या कुलपाहून वेगळे आहे. असा फोन घेऊच नये.

तिसरी गोष्ट. कुलूप काढायचे तर कंपनीलाच विचारा. कुणी म्हणेल, "द्या इकडे, फोनचा क्रमांकच बदलून देतो." त्याच्या नादी लागू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चौथी गोष्ट. पावती घ्या. हा फोन सगळ्या सिमांवर चालतो, असे तिच्यावर लिहून मागा. आपल्याला आता वाचता येते. दुकानदाराने काय लिहिले, ते तिथेच वाचून पाहा.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. फोन घेतानाही तसेच करावे. पैसे मोजण्याआधी एवढे विचारावे: ह्याला कुलूप आहे का? आणि असेल, तर किल्ली कुणाकडे?

सांगा पाहू

१. फोनला दोन तऱ्हेची कुलपे असतात, ती कोणती?
२. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर कोणत्या क्रमांकावर संदेश पाठवावा?
३. तुमच्या घरातला फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालतो का? आज करून पाहा.