एका पानाचं पत्र

इराणमध्ये काही मुलांना एपिडर्मोलिसिस बुलोसा नावाचा जन्मजात आजार आहे. कातडी इतकी नाजूक, की सदऱ्याची शिवण घासली तरी फोड येतो. जखमेला न चिकटणाऱ्या खास फोमच्या पट्ट्या हाच या मुलांचा रोजचा आधार. मे २०१८मध्ये अमेरिकेने अणुकरारातून अंग काढून घेतलं, निर्बंध परत आले आणि या पट्ट्या बनवणाऱ्या युरोपातल्या कंपनीने इराणला माल पाठवणं थांबवलं. खरं तर अमेरिकी कायद्यात औषधांना सूट होती. पण इराणशी संबंध असलेल्या पैशाला हात लावायला बँका तयार नव्हत्या.

ह्यूमन राइट्स वॉचने ऑक्टोबर २०१९मध्ये या सगळ्यावर अहवाल काढला. तेव्हा मोठ्या मानवाधिकार संघटना निर्बंधांवर बोलतच नाहीत, हा समज आधी सोडा. त्या उशिरा बोलतात, एकदा बोलून गप्प बसतात. आपलं काम त्यांना पुन्हा बोलतं करण्याचं आहे, आणि त्यासाठी एका पानाचं नीट पत्र पुरतं.

माझं पहिलं पत्र चार पानांचं होतं. क्युबा, इराक, व्हेनेझुएला, सीरिया, सगळं एकाच पत्रात कोंबलेलं. उत्तरादाखल छापील पोच आली. तेव्हा देश एक घ्या आणि वस्तूही एकच घ्या: जखमेच्या पट्ट्या, कर्करोगाचं औषध, विमानाचे सुटे भाग. ‘सर्व निर्बंध उठवा’ या मागणीवर कुणालाच काही करता येत नाही.

मग निर्बंध नेमके कुणाचे ते पाहा. इराणवर अमेरिकेचे आहेत, युरोपीय संघाचे आहेत आणि सप्टेंबर २०२५पासून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचेही परत आले आहेत. प्रत्येकाचं दार वेगळं. डिसेंबर २०२२च्या २६६४ क्रमांकाच्या ठरावाने सुरक्षा परिषदेने मालमत्ता गोठवण्याच्या आपल्या निर्बंधांतून मानवतावादी मदतीला वाट करून दिली. अमेरिकेचे परवाने मात्र तिच्या अर्थखात्याकडून मिळतात. दार चुकलं की संघटनेतला अभ्यासक पहिल्याच परिच्छेदात ओळखतो, की लिहिणाऱ्याने गृहपाठ केलेला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संघटनेला तिच्याच शब्दांत पकडा. ॲम्नेस्टीचं उदाहरण घ्या. तिचा भर अनेक वर्षं कैदी, छळ आणि फाशी यांवर होता. आर्थिक-सामाजिक हक्क पूर्णपणे कक्षेत घेण्याचा निर्णय २००१मध्ये डकारच्या बैठकीत झाला. पुढे २००९मध्ये तिने क्युबावरच्या अमेरिकी नाकेबंदीचा आरोग्यावर काय परिणाम झाला ते मांडून ती उठवण्याची मागणी केली. मग विचारा, ‘क्युबाच्या रुग्णाला लावलेला न्याय इराणच्या रुग्णाला का नाही?’ या प्रश्नाला बगल देणं त्यांना अवघड जातं. जोडीला दोन आधार द्या. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्क समितीने १९९७च्या आठव्या सामान्य टिप्पणीत निर्बंध लादणाऱ्यांवरही त्या जनतेच्या हक्कांची जबाबदारी येते असं म्हटलं आहे. आणि ३ ऑक्टोबर २०१८ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने औषधं, अन्न आणि नागरी विमानांचे सुटे भाग यांच्या वाटेतले अडथळे दूर करण्याचा अंतरिम आदेश अमेरिकेला दिला होता.

आकड्यांबाबत मात्र हात आखडता ठेवा. इराकवर ऑगस्ट १९९०मध्ये निर्बंध आले. तिथला मानवतावादी कार्यक्रम सांभाळणारे डेनिस हॅलिडे १९९८मध्ये, तर त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक २०००मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. ती साक्ष भक्कम आहे. पण ‘५ लाख मुलं दगावली’ हा जगभर फिरलेला आकडा वापरू नका. त्याला आधार ठरलेल्या सर्वेक्षणात सद्दाम सरकारने ढवळाढवळ केली होती, असं संशोधकांनी २०१७मध्ये बीएमजे ग्लोबल हेल्थमध्ये दाखवून दिलं. हाल खरे होते, आकडा खोटा निघाला, आणि हाल नाकारणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

ज्या देशाबद्दल लिहिता, तिथल्या सरकारची वकिली करू नका. इराणचं सरकार माणसांना फासावर चढवतं, निदर्शकांवर गोळ्या झाडतं, हे पत्रातच एका वाक्यात लिहून टाका. लपवलंत तर तुमचं पत्र दूतावासाच्या पत्रकासारखं वाचलं जाईल.

मागणी एकच ठेवा, आणि ती करता येण्याजोगी असू द्या. ‘औषधांच्या पैशासाठी बँकांना लेखी हमी द्या, असं जाहीर पत्र तुम्ही अमेरिकी अर्थखात्याला लिहावं,’ इतकी नेमकी. पत्र सर्वसाधारण पत्त्यावर पाठवण्यापेक्षा त्या देशाचं काम पाहणाऱ्या अभ्यासकाच्या नावाने पाठवा. नाव बहुधा अहवालातच सापडतं. एकट्याच्या सहीपेक्षा दहा जणांची सही बरी. आपल्याकडे पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना आहे, जन स्वास्थ्य अभियान आहे. त्यांच्यातल्या ओळखीच्या कार्यकर्त्याला मसुदा दाखवा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०१४मध्ये एकतर्फी निर्बंधांसाठी विशेष प्रतिवेदकाचं पद निर्माण केलं, तिथेही एक प्रत जाऊ द्या.

‘आपला काय संबंध?’ असं कुणी विचारेलच. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर १९९८मध्ये अमेरिकेने आपल्यावरही निर्बंध लादले होते. आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तेव्हा त्यांची झळ जाणवली नाही, म्हणून निर्बंध म्हणजे सरकारासरकारांतलं भांडण, असं आपल्याला वाटतं.

सहीखाली खरं नाव, गाव आणि व्यवसाय लिहा. सांगलीचे डॉक्टर, अकोल्याची परिचारिका, नाशिकचा औषधविक्रेता: औषधाबद्दल बोलण्याचा त्यांचा अधिकार वेगळा सिद्ध करावा लागत नाही. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर तेच पत्र, तारीख बदलून, पुन्हा पाठवा.