नोकरी शोधताना मन सांभाळूया



२ ऑक्टोबर १९७५ ला देशात अंगणवाडीची योजना सुरू झाली. आजही आपल्या वारणा भागात सेविका-मदतनीस भरती निघाली की कितीतरी ताई दाखल्यांसाठी धावपळ करतात. जागा एक, अर्ज ढीगभर. निवड गुणांवर होते. लेकरांवरची माया त्या यादीत मोजली जात नाही. म्हणून नाव आलं नाही तर आपण कमी पडलो, असं समजू नका.

डी.एड. झाल्यावर मीही वाट बघत होते. "लागली का नोकरी?" या प्रश्नाच्या धास्तीने मी लग्नकार्याला जाणंच सोडलं होतं! त्यातून शिकलेलं सांगते:

१. यादी, मेसेज दिवसातून एकदाच बघा.
२. अर्जाची वेळ ठरवा. उरलेला दिवस आपला.
३. जेवण, झोप, मैत्रिणी सोडू नका.
४. दोन आठवडे झोप उडाली, सारखं रडू आलं, तर टेलिमानसच्या १४४१६ वर बोला. ही सेवा मोफत आहे, मराठीतही आहे.

पालकहो, लेकीला रोज "काय झालं भरतीचं?" विचारू नका. "जेवलीस का गं?" एवढं विचारा. बाकीचं ती आपणहून सांगेल.