मालकाचा उजवा हात

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यांत एक चित्र नेहमी दिसते. सूत शेठनेच ठरवायचे, सायझिंगवाल्याचा तगादा शेठनेच सोसायचा, कारागिरांचे भांडण शेठनेच मिटवायचे आणि कोणाकडे किती येणे आहे तेही शेठच्याच डोक्यात. शेठ आठ दिवस आजारी पडले की धंदाही आठ दिवस अंथरुणाला खिळतो. मुनीम आहे, मुकादम आहे, तरी असे का व्हावे?

कारण मुनीम हिशेब पाहतो, मुकादम माग पाहतो. पण सगळ्या कामांचा धागा एकत्र धरणारा कोणी नसतो. लष्करात या जागेला 'चीफ ऑफ स्टाफ' म्हणतात. हा माणूस सेनापती नव्हे. तो स्वतःच्या नावाने हुकूम देत नाही. चहूकडची खबर गोळा करून ती थोडक्यात मालकापुढे ठेवणे, मालकाचा निर्णय योग्य माणसापर्यंत पोहोचवणे आणि काम झाले की नाही ते पाहणे, ही त्याची कामगिरी. नेपोलियनकडे 1796 पासून 1814 पर्यंत हे काम बर्थिए पाहत असे. 1815 साली वॉटर्लूच्या लढाईत तो सोबत नव्हता. त्या पराभवाच्या कारणांत इतिहासकार हेही एक कारण मोजतात.

आपल्या इतिहासातही याचा उत्तम नमुना आहे. अस्कलान येथे 1135 साली जन्मलेले काझी अल-फाजिल हे सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचे प्रमुख चिटणीस व सल्लागार होते. ते तलवारबहाद्दर नव्हते, कलमबहाद्दर होते. तिसऱ्या क्रूसेडच्या वेळी सुलतान अक्का शहरासमोर झुंजत असताना काझीसाहेब इजिप्तमध्ये राहून तेथील कारभार, पैसा आणि आरमार यांची तजवीज पाहत होते. रयतेवरील जुलूम थांबल्याशिवाय यश मिळणार नाही, असे सुलतानांना स्पष्ट लिहून कळविण्यासही ते कचरले नाहीत. आपण मुलूख जिंकले ते काझी फाजिलच्या लेखणीमुळे, असे सुलतान म्हणत, असे सांगितले जाते. हांजी हांजी करणारे पुष्कळ मिळतात. खरे बोलणारा एक पुरेसा असतो.

असा माणूस निवडावा कसा? पवित्र कुरआनात याचे मार्गदर्शन आहे. प्रेषित मूसा (अ.) यांनी अल्लाहकडे आपले बंधू हारून (अ.) यांना साहाय्यक म्हणून मागितले. हारून आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट बोलणारे आहेत, हे कारण त्यांनी स्वतःच सांगितले. म्हणजे आपल्यात जे कमी आहे ते ज्याच्यात आहे, असा माणूस शोधावा. आपण बोलण्यात पटाईत असाल तर तो लिहिण्यात पक्का हवा. तसेच सूरह कससमध्ये चाकरीस ठेवण्यायोग्य माणसाचे दोन गुण सांगितले आहेत : कुवत आणि अमानतदारी. भाचा आहे, मेहुणा आहे, एवढ्यावर निवड करू नये. नातेवाईकात हे दोन्ही गुण असतील तर सोन्याहून पिवळे.

या जागेत धोकाही आहे. मालकाचा दरवाजा ज्याच्या हाती, त्याच्याकडे लोक भेटी घेऊन येऊ लागतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे चीफ ऑफ स्टाफ शेर्मन अ‍ॅडम्स फार वजनदार गृहस्थ होते. एका कापड उद्योजकाकडून भेटवस्तू घेतल्याच्या प्रकरणात 1958 साली त्यांना पद सोडावे लागले. अधिकाऱ्याने कामावर असताना मिळालेली भेट स्वतःची समजू नये, ही ताकीद हदीसमध्ये चौदाशे वर्षांपूर्वीच दिलेली आहे. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे की, सूतवाला असो वा दलाल, कोणाचीही भेट घ्यायची नाही. तिजोरीची किल्ली आणि वहीखाते एकाच हाती देऊ नये. कारागिराला थेट मालकाकडे येण्याची वाटही बंद होऊ देऊ नये.

चोवीस मागांच्या धंद्याला सूटबूटवाला अधिकारी परवडणार नाही, हे खरे. त्याची गरजही नाही. कारखान्यातलाच एखादा हुशार, लिहिता-वाचता तरुण निवडा. त्याला एक वही द्या. रोज फज्रनंतर किंवा दुकान उघडण्यापूर्वी पंधरा मिनिटे त्याच्यासोबत बसा. काल काय ठरले, त्यातले काय झाले, काय अडले आणि आज कोणाला काय सांगायचे, या चार गोष्टी त्याने लिहाव्यात. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराहच्या आयत 282 मध्ये आहेच. तीच शिस्त कामालाही लावावी. तीन महिन्यांनी चार दिवस बाहेरगावी जाऊन पाहा. परत आल्यावर माग चालू, माल रवाना आणि वही भरलेली दिसली, तर समजा की उजवा हात तयार झाला.

त्याचा पगार मात्र वेळेवर आणि कामाच्या मानाने द्या. त्याला धंदा शिकवताना हात आखडता घेऊ नका. सगळे गुपित डोक्यात ठेवून शेठ जग सोडून जातात आणि मुले येणे-देणे शोधत बसतात, असे आपण किती घरांत पाहिले आहे! धंदा हीसुद्धा वारसांची आणि कारागिरांची अमानत आहे.