मेमरी कार्डाचे माप कसे तपासावे

आम्ही कापडवाले. ताग्यावर वीस मीटरची चिठ्ठी असली तरी उलगडून मोजल्याशिवाय पैसे देत नाही. मेमरी कार्ड मात्र बहुतेक जण चिठ्ठी वाचूनच घेतात.

माझा भाचा दहिवली-कर्जत भागात लग्नाचे फोटो काढतो. त्याने स्वस्त म्हणून ६४ जीबीचे एक कार्ड घेतले. निकाहचे फोटो आले. वलीम्याच्या फोटोंची नावे दिसत होती, पण एकही उघडेना. त्या घरचे पैसे परत केले. वलीमा काही पुन्हा होत नाही.

व्यापारी बांधवांनो, झाले काय ते समजून घ्या. तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेली फ्लॅश मेमरी म्हणजे वीज गेली तरी नोंद टिकवणारी चिप होय. कार्डात ही चिप असते आणि तिचा हिशेब ठेवणारा कंट्रोलर असतो. बनावट कार्डात चिप समजा ८ जीबीची असते, आणि कंट्रोलरला ६४ सांगायला शिकवलेले असते. म्हणजे मुनीमच खोटा! खरी जागा भरली की पुढचा माल कुठेच ठेवला जात नाही, किंवा जुन्यावर चढतो. वहीत नोंद मात्र होत राहते.

आता, खऱ्या ६४ जीबीच्या कार्डावरही संगणक ५९-६० च्या आसपासच दाखवतो. ही लबाडी नव्हे. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज सुमारे १०७ कोटी. गज आणि मीटरचा फरक समजा.

खरे माप एकाच रीतीने कळते : कार्ड काठोकाठ भरायचे आणि सगळे परत वाचून पाहायचे. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्रॅम हेच काम करतो. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, लागू द्यावेत. कार्ड रिकामे असतानाच ही तपासणी करावी, आणि माल परत करण्याची मुदत संपण्याआधी. पक्के बिल नसेल तर दाद कोणाकडे मागणार?

कार्ड अस्सल असले तरी तो गल्ला आहे, तिजोरी नव्हे. रोज रात्री फोटो दुसरीकडे उतरवावेत. चुकून पुसले गेलेच तर त्या कार्डावर नवीन फोटो मुळीच काढू नये. तसेच जाणकाराकडे न्यावे. वरून काही लिहिले गेले नसेल तर पुष्कळदा ते परत मिळतात.