मनातल्या मनात मानलं असतं तर?

प्रश्न : लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ नुकतंच वाचून झालं. त्यांचे हाल वाचताना नारायण वामन टिळकांचा इतका राग आला की मध्येच पुस्तक मिटून ठेवलं. त्यांचा येशूवर विश्वास बसला, ठीक आहे. पण तो मनातल्या मनात ठेवला असता तर काय बिघडलं असतं? देव मन ओळखतो असं तुम्हीच म्हणता ना? मग बाप्तिस्मा, जाहीर कबुली, घरादाराची ताटातूट हे सगळं कशासाठी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे आणि तो घालवायचा माझा विचार नाही. लक्ष्मीबाईंकडे येणारच आहे. आधी तुमचा मुख्य प्रश्न घेते.

तुम्ही सुचवता तो मार्ग टिळकांनी चालून पाहिला होता. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले आणि तिथून त्यांना पुढे सरकवेना. बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत. मधली दोनेक वर्षं बाहेरून जुनेच टिळक आणि आतून येशूकडे ओढलेले टिळक, असे दोघं एकाच घरात नांदत होते. हे का निभलं नाही?

येशूने जे करायला सांगितलं त्यातलं फारच थोडं मनातल्या मनात करता येतं. वैऱ्यावर प्रेम करा, मागेल त्याला द्या, समाजाने ओवाळून टाकलेल्यांच्या पंगतीला बसा. यातली प्रत्येक गोष्ट करताना समोर दुसरा माणूस लागतो, आणि तो माणूस आला की चारचौघं बघणारच. 1894 साली सगळी माणसं एका बापाची लेकरं आहेत असं मनात म्हणायचं आणि अंगणात आलेल्या महाराला वरून पाणी ओतायचं, हे किती दिवस चालेल? ज्याला चालतं त्याचं चालतं. टिळकांना चाललं नाही.

मनातल्या मनात मानण्याचा प्रयोग महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झालेला आहे आणि तो ख्रिस्ती लोकांनी केलेला नाही. 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांसारखे, मराठीचं व्याकरण लिहिणारे, नावाजलेले लोक तीत होते. जातिभेद मोडायचा, एका ईश्वराची प्रार्थना करायची, असा त्यांचा बेत होता. सभासद होताना बंद खोलीत ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव खायचा. पाव खाऊन माणूस घरी जायचा आणि सोवळं नेसून आपल्या पाटावर बसायचा. सभासदांची यादी गुप्त ठेवलेली होती. 1860 मध्ये सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं बाहेर पडायची वेळ आली आणि सभा विस्कटली.

त्या लोकांना मी नावं ठेवत नाही. वाळीत टाकलेल्या घराला न्हावी, धोबी, भटजी, मुलीला स्थळ काहीच मिळत नसे, तो काळ आहे. पण दहा-अकरा वर्षांत त्या पावाने एकाही घरची पंगत बदलली नाही. त्याच लोकांतल्या काहींनी 1867 मध्ये प्रार्थना समाज काढला तो उघडपणे, म्हणून तो टिकला. आणि जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा त्यासाठी कुठल्या धर्मगुरूची परवानगी लागली नाही की गुप्त यादीही लागली नाही. म्हणजे उघडपणाचा मक्ता आम्हा ख्रिस्ती लोकांकडे आहे असं मुळीच नाही. श्रद्धा कुठलीही असो, तिला हात-पाय फुटले की ती दिसतेच.

परमहंस सभेच्या या वर्तुळातलाच एक तरुण म्हणजे बाबा पदमनजी. त्याने 3 सप्टेंबर 1854 रोजी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिणारे ते हेच. मनाची उलघाल, घरच्यांचं रडणं, निर्णय पुढे ढकलत राहणं, हे सगळं त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लपवाछपवी न करता सांगितलं आहे. तुमच्या प्रश्नाला टिळकांपेक्षा हे पुस्तक अधिक सविस्तर उत्तर देतं. मिळालं तर जरूर वाचा.

आता बाप्तिस्मा म्हणजे प्रत्यक्षात काय घडतं ते सांगते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो एखादा गूढ विधी वाटतो. प्रौढ माणूस बाप्तिस्मा घेतो तेव्हा रविवारच्या उपासनेत मंडळीसमोर उभा राहतो. पाळक त्याला विचारतात : पापाचा पश्चात्ताप करतोस का? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवतोस का? त्याने मोठ्याने हो म्हणायचं. मग कपाळावर पाणी, किंवा काही मंडळ्यांत अख्खं पाण्यात बुडवणं. एवढंच. पण ते ‘हो’ शंभर माणसांनी ऐकलेलं असतं. त्यातलं कुणीही सोमवारी तुम्हाला गाठून विचारू शकतं, की काल हो म्हणालात आणि आज भावाची जमीन बळकावता? आणि मंडळीही त्याच्याशी बांधली जाते. त्याच्या आजारपणात, मयतात, मुलीच्या लग्नात आता तिने उभं राहायचं असतं. मनातल्या विश्वासाला असं कुणी जाब विचारत नाही आणि असं कुणी सांभाळतही नाही.

तुम्ही म्हणाल, येशूने तर दार लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. बरोबर. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात ते आहे, आणि दहाव्यात लोकांसमोर मला पत्करा असंही आहे. मला त्यात विरोध दिसत नाही. आपलं पुण्य, दानधर्म, उपासतापास लपवायचे, कारण त्यांची मिरवणूक निघते. आपण कुणाचे आहोत हे मात्र लपवायचं नाही, कारण लपवण्यात आपला फायदा असतो.

ही दोन टोकं प्रत्यक्ष आयुष्यात किती अडचणीत टाकतात याचं सर्वांत लख्ख उदाहरण ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं आहे. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढल्या वर्षी ते पुण्यात आणलं. उच्चवर्णीय विधवा मुलींनी तिथे शिकावं, धर्माची सक्ती असणार नाही, हा शब्द दिलेला. रमाबाई शब्दाला जागल्या : मुलींचं सोवळंओवळं, पूजाअर्चा कशालाही त्यांनी हात लावला नाही. त्या स्वतः मात्र आपल्या खोलीत लेकीबरोबर, मनोरमेबरोबर, प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं ठेवायच्या. उघड्या दारातून मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर कदाचित हे सगळं टळलं असतं. रमाबाईंनी लावलं नाही. पालकांची तक्रार अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. ज्या आईला तुम्ही जीव लावता ती जशी प्रार्थना करते तशी लेकरं करू लागतात, याची भीती त्यांना वाटली तर नवल नाही. तरीही, आपल्याच घरात आपल्या देवाशी चोरून बोलायचं बंधन रमाबाईंनी मानलं नाही, हे मला पटतं.

याच रमाबाई आज्ञापालनाबद्दल किती चोखंदळ होत्या ते पाहा. त्यांचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. तिथल्या धर्मभगिनींच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्यावर त्यांचं प्रेम होतं. पण चर्चच्या अधिकाऱ्यांचं जसंच्या तसं ऐका, असा आग्रह सुरू झाल्यावर रमाबाईंनी पत्रांतून सडेतोड वाद घातला. भटांच्या सत्तेतून सुटून आलेली बाई दुसऱ्या भटांच्या सत्तेत कशाला जाईल? लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस गळ्यात घालायलाही त्यांनी नकार दिला. अक्षरं हवीतच तर आपल्या संस्कृतात का नकोत, असा त्यांचा सवाल होता. देवाच्या शब्दाला मान द्यायचा, आणि तो शब्द आपल्या सोयीने सांगणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा. आज्ञापालन म्हणजे मान खाली घालणं असं समजणाऱ्यांनी ही पत्रं वाचावीत. आमच्या मंडळ्यांतल्या काही पुढाऱ्यांनी तर आधी वाचावीत.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार मोलाची वाटते. 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे जाहीर कबुली आधी, अंतरीची खूण नंतर. मनात सगळं पक्कं झाल्यावरच पाऊल टाकायचं असं ठरवलं असतं तर त्या कदाचित काठावरच बसून राहिल्या असत्या. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस, नासवलेल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. मुली विणायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अडाणी बाईलाही कळावं अशा मराठीत त्यांनी अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. त्या भाषांतराचे खिळे याच मुलींनी जुळवले. 1922 मध्ये रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं.

आता लक्ष्मीबाई. टिळकांचा निर्णय मला बरोबर वाटतो आणि बायकोशी ते ज्या रीतीने वागले ते मला चूक वाटतं. पंधराएक वर्षांचा संसार, पदरात लहान मूल, आणि नवऱ्याने धर्म बदलल्याचं कळतं ते घडून गेल्यावर. नवरा जिवंत असून त्याच्याकडे जायची सोय नाही. आमच्या प्रवचनांत टिळकांच्या त्यागाचं कौतुक होतं तेव्हा त्या त्यागाचा मोठा वाटा एका बाईला न विचारता तिच्या नावावर मांडला गेला होता, हे सांगायचं राहून जातं. सत्यासाठी घर सोडावं लागेल असं येशूने म्हटलं आहे. घरातल्या माणसाला अंधारात ठेवा असं म्हटलेलं नाही.

पण लक्ष्मीबाईंना निव्वळ बळी ठरवू नका, तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्या टिळकांकडे परत आल्या तरी नवऱ्यामागे फरफटत ख्रिस्ती झाल्या नाहीत. पाणी वेगळं, चूल वेगळी, सोवळं कडक. मग एके दिवशी त्यांनीच विचार केला की जात देवाने केलेली असेल का, आणि माणसांनी केलेली असेल तर मी ती का पाळू? तिथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं, आणि ठरवलं ते केलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. या बाईने आधी हंडा-कळशीचा हिशेब चुकता केला आणि मग मंडळीसमोर हो म्हटलं. पुढे नगरच्या त्यांच्या घरात कोण कोण वाढलं! बालकवी ठोमरे त्यांच्याकडे लेकासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. त्यांच्यावर कुणी पाणी शिंपडलं नाही.

आणि टिळक? 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही येशूभक्तांना जागा होती. ज्याने बाप्तिस्म्यासाठी एवढं गमावलं त्यानेच बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठी दार उघडलं. काहींना ही माघार वाटली. मला वाटत नाही. दरबारात येणाऱ्याने येशूला मानतो हे उघड सांगायचंच होतं. मिशनच्या वहीत नाव हवं, ही अट तेवढी गेली.

अशीच एक वही, सरकारी कागदांची, आजही अनेकांना अडवते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित माणूस कागदोपत्री ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, राखीव जागा जातात. जातीचे चटके मात्र जात नाहीत. म्हणून दर रविवारी उपासनेला येणारी, घरी गुडघे टेकणारी, पण कागदावर नाव न लावणारी कुटुंबं आहेत. याविरुद्धची याचिका 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि 2022 मध्ये केंद्राने बालकृष्णन आयोगही नेमला. शुभवर्तमानातला निकदेम येशूकडे रात्री आला होता. त्याला येशूने परत पाठवलं नाही, आणि पुढे वधस्तंभावरून उतरवलेल्या देहासाठी गंधरस घेऊन तो सगळ्यांदेखत आला. त्याला त्याचा वेळ मिळाला. या कुटुंबांपुढे धैर्यावर प्रवचन करण्याआधी, उद्या यांनी नाव लावलं तर पोरीच्या कॉलेजची फी कोण भरणार, हे आमच्या मंडळीने बैठक घेऊन ठरवावं, असं मला वाटतं.